काल्पनिक जगातले जीव, लोक आणि प्राचीन वस्तू : कोणत्या क्रमाने घडवाव्यात

रोलप्लेइंग खेळासाठी (ज्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि बोलून व फासे टाकून गोष्ट पुढे नेतो) स्वतःचे काल्पनिक जग रचायला बसलेल्या बहुतेकांच्या वहीची पहिली पाने सारखीच दिसतात. वर एका अक्राळविक्राळ प्राण्याचे चित्र, त्याखाली त्याच्या शक्तींची यादी, पुढच्या पानावर ‘शूर, अभिमानी, डोंगरात राहणारे’ अशा तीन विशेषणांत आटोपलेली एक जमात, आणि शेवटी एक तलवार, जिचे नाव मोठे पण काम मात्र फाशाच्या आकड्यात एक-दोन मिळवण्याचे. सुटी पाहिली तर यातली कोणतीही नोंद वाईट नसते. अडचण अशी, की या तिन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. मग तिसऱ्या सत्रापर्यंत खेळाडू प्राण्याला मारून मोकळे होतात, जमातीशी बोलणे टाळतात आणि तलवार विकून टाकतात.

बहुतेक वेळा यात कल्पनाशक्ती कमी पडलेली नसते. क्रम चुकलेला असतो. रूप, शक्ती आणि नाव या तीन गोष्टी सर्वांत शेवटी यायला हव्यात आणि नेमक्या त्याच आधी ठरवल्या जातात. या लेखात आधी टंचाई, तिच्यातून जीव, जिवातून लोक आणि लोकांच्या भांडणातून वस्तू असा क्रम धरला असून एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेले आहे.

## तयारी

एक कोरी वही घ्यावी आणि जीव, लोक व वस्तू यांना प्रत्येकी एकच पान द्यावे. ही मर्यादा काटेकोरपणे पाळावी, कारण पंधरा पानांचा इतिहास लिहून ठेवणारा सूत्रधार (म्हणजे खेळ चालवणारा, गेम मास्टर) तो इतिहास कोणाला तरी ऐकवल्याशिवाय राहत नाही, आणि तो ऐकवायला लागला की खेळ थांबतो.

खेळाडूंशी दहा मिनिटे आधी बोलून घ्यावे. कोणते विषय टेबलावर नकोत, कोणाला कशाची खरोखर भीती वाटते, कोणाला लढाईपेक्षा बोलण्यात रस आहे, हे विचारून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. कोळ्यांची भीती असलेल्या खेळाडूसमोर आठ पायांचा नायक-जीव आणून सत्र बंद पडलेले मी पाहिले आहे. विचारले असते तर सहा पायांवर काम भागले असते.

याशिवाय तुम्ही वापरत असलेल्या नियमांच्या पुस्तकातील मंत्रांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. तिचा उपयोग लगेच पुढच्या टप्प्यात होणार आहे.

## टप्पा १ : जागा आणि तिथली टंचाई

पहिले वाक्य पुढील साच्यात लिहावे : ‘या ठिकाणी अमुक गोष्ट पुरेशी नाही, आणि ती फक्त तमुक मार्गानेच मिळते.’ आपल्या उदाहरणात ते असे आहे : ‘या पठारावर पाणी पुरेसे नाही, आणि ते फक्त पहाटेच्या धुक्यातूनच मिळते.’

टंचाई शरीराला भिडणारी असावी. ‘इथे सोने कमी आहे’ असे लिहून फारसे काही घडत नाही, कारण सोन्यावाचून कोणी मरत नाही. ‘इथे शांतता नाही’ हे वाक्य तर कुठल्याही जगाला लागू पडते. पाणी, उजेड, उष्णता, मीठ, झोप, पाय टेकवायला कोरडी जमीन, अशा गोष्टी घ्याव्यात. त्या नसल्या तर पहिल्याच दिवशी माणसाचे वागणे बदलते.

इशारा. टंचाई ठरली की मंत्रांची यादी पुन्हा उघडावी आणि ती टंचाई एका झटक्यात संपवणारा मंत्र कोणता, ते शोधावे. अनेक खेळांत पाणी किंवा अन्न निर्माण करणारे मंत्र अगदी सुरुवातीच्या पातळीवरच मिळतात. असा मंत्र तसाच राहू दिला, तर तुमचे तहानलेले पठार पहिल्या अर्ध्या तासात ओलेचिंब होईल. मंत्र बंद करण्यापेक्षा त्याला किंमत लावावी. आपल्या पठारावर मी असा नियम केला : जादू पाणी निर्माण करू शकत नाही, ते एका जागेवरून दुसऱ्या जागी ओढून आणते. हे एक वाक्य आताच वहीत लिहून ठेवावे. पाचव्या टप्प्यातली वस्तू त्याच्यावरच उभी राहणार आहे.

## टप्पा २ : जीव

आता जीव. प्रश्नांचा क्रम असा असावा : तो काय खातो-पितो, ते कसे मिळवतो, त्यासाठी त्याचे शरीर कसे झाले आहे, तो कशाला घाबरतो, पिल्लांना कसे वाढवतो आणि मागे कोणती खूण सोडतो. दात, नखे आणि विषाचा प्रश्न यात अजून आलेलाच नाही, आणि तो जाणूनबुजून लांबवला आहे.

उत्तरे सुचत नसतील तर खऱ्या निसर्गाकडे वळावे. मात्र तिथून रूप न घेता युक्ती घ्यावी. सिंहाचे डोके, गरुडाचे पंख आणि विंचवाची नांगी जोडून झालेला प्राणी चित्रात बरा दिसतो, पण सकाळी उठून तो काय करतो, हे विचारल्यावर निर्मात्याकडे उत्तर नसते. याउलट नामिब वाळवंटातला एक भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीवर चढतो, वाऱ्याकडे पाठ उंचावून आणि डोके खाली करून उभा राहतो. धुके त्याच्या पाठीवर थेंब होऊन जमते आणि ओघळत तोंडापर्यंत येते. ही युक्ती उचलून मी ती बैलाएवढ्या उंचीच्या, चार पायांच्या, संथ प्राण्याला दिली. त्याच्या पाठीवर दोन रांगांत २४ रुंद पाती आहेत. पहाटे तो वाऱ्याच्या दिशेने पाती उभारतो, मान जमिनीला टेकवतो आणि सूर्य वर येईपर्यंत हलत नाही. पठारावरचे लोक त्याला ‘निथळ्या’ म्हणतात. (नावे शेवटी ठेवायची असे मीच वर म्हटले आहे, वाचकाच्या सोयीसाठी ती येथे आधी वापरत आहे.)

मोजमापाबाबत एक सावधगिरी बाळगावी. प्राणी दुप्पट उंच केला की त्याच्या हाडांचे काटछेद-क्षेत्र चौपट होते, पण वजन आठपट होते. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे मांडून दाखवले होते. म्हणून हरिणाचे चित्र नुसते मोठे करून हत्तीएवढे हरीण होत नाही; पाय जाड, चाल मंद आणि उडी अशक्य होते. तुमच्या जगात जादू असल्याने हा नियम मोडता येईल, पण मोडताना तो का मोडला, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य अनेकदा त्या जिवाबद्दलची सर्वांत रंजक गोष्ट ठरते.

यानंतर वागणुकीच्या तीन नोंदी कराव्यात : नेहमीची, घाबरल्यावरची आणि पिल्लू सोबत असतानाची. निथळ्या नेहमी चरत असतो किंवा उभा असतो. घाबरला की तो पाती खाडकन मिटतो. पहाटभर जमलेले पाणी जमिनीवर सांडते आणि सगळा कळप वाऱ्याच्या उलट दिशेने धावत सुटतो. पिल्लाच्या पाठीवर पाती उगवलेली नसतात, म्हणून ते आईच्या मानेखाली उभे राहून तिच्या वाट्याचे पाणी पिते. त्या काळात आईजवळ कोणी आले तर ती पात्यांची धार वापरते. पाहता पाहता जीव धोकादायक झाला, आणि त्यासाठी त्याला दुष्ट ठरवावे लागले नाही.

तपासणी. जीव खेळाडूंच्या नजरेस पडण्यापूर्वी त्यांना दिसतील अशा तीन खुणा लिहिता येतात का? निथळ्याच्या बाबतीत : खडकावर सरळ ओळीत पडलेले ओले ठिपके, एका बाजूनेच चरलेले दगडफूल आणि माती खरवडून झालेला मान टेकवण्याचा खळगा. तीन खुणा सुचत नसतील तर जीव अजून चित्रच आहे. मागच्या प्रश्नांकडे परतावे.

## टप्पा ३ : आकडेमोड

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त फळ तोच देतो. त्याला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

चिलीच्या कोरड्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर धुके पकडण्यासाठी लावलेल्या जाळ्यांना दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ३ लिटर पाणी मिळाल्याची नोंद आहे. निथळ्याचे प्रत्येक पाते अर्धा मीटर लांब आणि तितकेच रुंद धरले, तर २४ पात्यांचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर होते. पाते जाळीइतकेच काम करते असे मानले (कल्पनेला एवढी सूट द्यायला हरकत नाही), तर एका पहाटे १८ लिटर पाणी जमते. त्यातले १२ लिटर जनावराला स्वतःला लागते असे ठरवू. उरले ६. माणसाला नुसते पिण्यापुरते रोज ३ लिटर धरले, तर एका निथळ्यामागे दोन माणसे जगतात, आणि ४० मोठ्या जनावरांच्या कळपामागे ८०.

आता हा ८० चा आकडा नीट पाहावा. वस्ती किती मोठी, हे आता तुम्ही ठरवायचे राहिलेले नाही. ते ठरून गेले आहे. ८१ वे माणूस जन्माला आले तर काय होते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. चार पात्रांची खेळाडूंची टोळी वस्तीवर आली, की दोन जनावरांचे उरलेले पाणी तिच्यावर खर्च होते. त्यातल्या एकाने घोडा आणला असेल, आणि घोड्याला दिवसाला ३० लिटर पाणी सहज लागते, तर एकटा घोडा पाच निथळ्यांचे, म्हणजे दहा माणसांच्या वाट्याचे पाणी पितो. अजून कोणी तलवारीला हात घातलेला नाही आणि पाहुण्यांनी वस्तीवर संकट आणलेले आहे.

शिकारी प्राणी हवा असेल तर त्याचाही हिशेब करावा. एका वाघाला वर्षाकाठी साधारण ५० मोठी जनावरे लागतात, आणि भक्ष्याची संख्या टिकायची असेल तर त्यातला सुमारे दहावा भागच दरवर्षी उचलता येतो. म्हणजे एका वाघामागे ५०० जनावरे हवीत. आपल्या पठारावर हे झाले बारा-तेरा कळप. तेव्हा असा शिकारी एखाद्या कळपाजवळ वर्षातून मोजक्या वेळा फिरकेल आणि त्याचे येणे ही वस्तीच्या आठवणीत राहणारी घटना असेल. दर दोन मैलांवर एक राक्षसी मांसभक्षक ठेवणाऱ्या नकाशांत तो दुसरा मांसभक्षक काय खातो, याचे उत्तर बहुधा ‘पहिल्याला’ एवढेच उरते.

## टप्पा ४ : लोक

लोकांची नोंद स्वभावापासून सुरू करू नये. ‘पहाटकरी अभिमानी असतात’ असे लिहिले, की प्रत्येक पहाटकरी एकाच आवाजात बोलू लागतो. पहाटकरी म्हणजे निथळ्यांमागे फिरणारे आपले ८० जण. त्यांच्यासाठी पुढील पाच प्रश्न याच क्रमाने सोडवावेत.

१. टंचाईची गोष्ट कोणाला आधी मिळते? पहाटकऱ्यांत पहिला घोट गाभण जनावराची राखण करणाऱ्याला, मग मुलांना, शेवटी म्होरक्याला. म्होरक्या शेवटी पितो, म्हणून कमतरतेच्या पहाटे त्याचे ओठ पाहूनच सगळ्यांना परिस्थिती कळते.

२. चोरी कशाला म्हणतात? पाणी पळवणे ही चोरी आहेच, पण त्याहून मोठा गुन्हा आहे वाऱ्याच्या तोंडी उभे राहणे, कारण तिथे उभा राहिलेला माणूस जनावराच्या पात्यांवर येणारे धुके अडवतो. ‘वाऱ्याच्या तोंडी उभा राहणारा’ ही त्यांच्यातली जहरी शिवी आहे. परक्या प्रदेशातून आलेली पात्रे पहिल्याच पहाटे कुतूहलाने नेमकी तिथेच जाऊन उभी राहतात. त्यांना तसे करायला सांगावे लागत नाही.

३. देणे-घेणे कशात मोजतात? पहाटेत. ‘तुझ्या माझ्याकडे चार पहाटा आहेत’ म्हणजे चार दिवसांचे पाणी देणे आहे. कर्जाची काठी असते, तिच्यावर खाचा असतात आणि कर्ज फिटले की काठी धनकोच्या समोर मोडायची असते.

४. मूल मोठे कधी होते? फ्रेंच अभ्यासक आर्नल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले, की जगभरच्या अशा संस्कारांत माणसाला आधी वेगळे काढतात, मग काही काळ ना इकडचा ना तिकडचा अशा अवस्थेत ठेवतात आणि शेवटी नव्या दर्जाने परत घेतात. हा सांगाडा खेळासाठी फार सोयीचा आहे, कारण मधली अवस्था म्हणजे तयार प्रसंगच असतो. पहाटकऱ्यांचे मूल तीन रात्री कळपापासून दूर, एका कापडाच्या तुकड्यासह राहते. कापड धुक्यात पसरून, पिळून, जे मिळेल त्यावर जगते आणि परतताना तोंडात एक घोट धरून आणते, जो वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला द्यायचा असतो. खेळाडूंना वाटेत अशी एक मुलगी भेटली, जी त्यांच्या कोणत्याही प्रश्नाला तोंड उघडून उत्तर देत नाही, तर प्रसंग लिहावाच लागत नाही.

५. या सगळ्याशी असहमत कोण आहे? हा प्रश्न चुकवू नये. प्रत्येक नियमाने कोणाचा तरी फायदा आणि कोणाचे तरी नुकसान होत असते. ८० च्या मर्यादेमुळे ज्या जोडप्याला मूल होऊ देण्यासाठी वासरू जन्मण्याची वाट पाहावी लागली, त्यांचे मत म्होरक्यासारखे असणार नाही. ज्याला कर्जापायी वस्तीबाहेर काढले, त्याचे तर नाहीच. किमान तीन माणसे लिहावीत, ज्यांना एकाच नियमाबद्दल तीन वेगळी मते आहेत. त्यानंतरच ‘पहाटकरी कसे आहेत’ याचे उत्तर देता येते, आणि ते उत्तर एका विशेषणात मावत नाही.

इशारा. एखाद्या खऱ्या, आज हयात असलेल्या समाजाचा पोशाख, पूजेची वस्तू किंवा बोलण्याची ढब जशीच्या तशी उचलून तिला काल्पनिक नाव देऊ नये. टेबलावर त्या समाजाचा कोणी बसला असेल तर त्याला ते पहिल्या मिनिटात कळते, आणि नसला तरी बाकीच्यांच्या मनात एक ठोकळेबाज प्रतिमा पक्की होते. घ्यायचेच असेल तर कारण घ्यावे : अमुक परिस्थितीत माणसे अमुक पद्धतीने का वागतात, हे समजून घ्यावे आणि तुमच्या टंचाईत त्याच कारणातून कोणती वेगळी चाल निघेल, ते शोधावे.

## टप्पा ५ : वस्तू

प्राचीन वस्तू हे आधीच्या टप्प्यातल्या भांडणाचे उरलेले हत्यार असावे. तिची शक्ती काय, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ती कोणाची कोणती तक्रार दूर करण्यासाठी घडवली गेली.

पहाटकऱ्यांतून बाहेर काढलेल्या एका कुटुंबाने आपल्या मेलेल्या निथळ्याच्या पात्यातून एक वाटी कोरली. तिचे नाव तहानवाटी. ती दोन लिटरची आहे आणि रात्रीत दहा वेळा भरते, म्हणजे २० लिटर. सहा माणसांचे कुटुंब तिच्यावर आरामात जगते. पण पहिल्या टप्प्यातला नियम आठवावा : जादू पाणी निर्माण करत नाही, ओढून आणते. ज्या रात्री वाटी भरते, त्या रात्री कोसभराच्या परिसरातल्या सगळ्या निथळ्यांच्या पाठी कोरड्या राहतात. चाळीसच्या कळपाचे ७२० लिटर बुडतात आणि त्या बदल्यात सहा जणांची तहान भागते. ज्यांना वस्तीने हाकलले, त्यांच्या दृष्टीने हा न्यायच आहे.

वस्तूच्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात : ती काय देते, त्याची किंमत कोण मोजतो (वापरणारा की दुसरा कोणी), ती कोणकोणाच्या हातांतून गेली आणि त्या हातांच्या कोणत्या खुणा तिच्यावर राहिल्या. किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर वस्तू आपोआप नैतिक पेच होते. वापरणाऱ्याच्या अंगातून थोडे रक्त जाणे वगैरे किमती खेळाडू हसतहसत मोजतात.

हातांच्या खुणांना कमी लेखू नये. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियँड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी अभ्यासलेल्या कुला देवघेवीत लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने बेटाबेटांवरून फिरत राहतात. कोणीही त्या कायमच्या ठेवत नाही, आणि नामांकित कड्याचे मोल ते आजवर कोणाकोणाकडे होते यावर ठरते. कोहिनूरचेही पाहावे : १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो सुमारे १८६ कॅरटवरून साधारण १०६ कॅरटवर आला. म्हणजे मालक बदलला की वस्तूचे शरीरही बदलते. तहानवाटीच्या काठावर म्हणून तीन प्रकारच्या खाचा आहेत : कोरणाऱ्या बाईच्या बारीक आणि समान, तिच्या नातवाच्या घाईघाईने पाडलेल्या, आणि एक रुंद खोल घाव, जो म्होरक्याच्या माणसाने ती फोडण्याच्या प्रयत्नात घातला. वाटी हातात घेतलेला खेळाडू हे बोटांनी वाचू शकतो. सूत्रधाराला भाषण करावे लागत नाही.

उगमाच्या कथा दोन ठेवाव्यात, एकमेकींना छेद देणाऱ्या. म्होरक्या सांगतो, की कुटुंबाने जनावर मारून वाटी केली. कुटुंब सांगते, की पाण्याचा वाटा नाकारल्याने जनावर तहानेने मेले. खरे काय ते वहीत लिहावे, पण टेबलावर त्याची घाई नको.

नेहमीच्या चुका. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देणारी वस्तू कधीही देऊ नये. मी एकदा असा आरसा दिला होता आणि खेळाडूंनी सहा महिन्यांच्या मोहिमेचे (अनेक सत्रांत चालणाऱ्या एका गोष्टीचे) रहस्य पाऊण तासात विचारून घेतले. दिवसातून हवी तितकी वेळा चालणारी वस्तूही देऊ नये. आणि शाप असलाच तर तो आधी दिसेल असा असावा, कारण न दिसणारा शाप हा सूत्रधाराने केलेला दगाफटका वाटतो.

## टप्पा ६ : नावे

नावे मोठ्याने दहा वेळा म्हणून पाहावीत. तीन जोडाक्षरे एकापाठोपाठ आली, की खेळाडू दुसऱ्या सत्रात त्याचे ‘तो मोठावाला’ असे नामांतर करतात. एकाच मोहिमेतली महत्त्वाची नावे एकाच अक्षराने सुरू होऊ देऊ नयेत. परभाषेतल्यासारखी वाटावीत म्हणून अर्थहीन अक्षरे जुळवण्यापेक्षा मराठी क्रियापदांना किंवा नामांना नेहमीचे प्रत्यय लावले, तर नावातच काम सांगता येते : निथळतो तो निथळ्या, पहाटेवर जगतो तो पहाटकरी. शक्य असेल तिथे परक्यांनी ठेवलेले दुसरे नावही असावे. खालच्या खोऱ्यातले लोक निथळ्याला ‘कुबड्या’ म्हणतात, आणि पात्राने वस्तीवर येऊन तो शब्द उच्चारला की ते कुठून आले, हे सगळ्यांना कळते.

## टप्पा ७ : नियमांत बसवणे

आता फासे. वीस बाजूंच्या फाशावर एक मिळवणे म्हणजे यशाची शक्यता जास्तीत जास्त ५ टक्क्यांनी वाढवणे. चार तासांच्या सत्रात हा फरक जाणवेलच असे नाही. तोच फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेऊ दिला, तर ११ किंवा अधिक येण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते, आणि हे टेबलावर सगळ्यांना दिसते. त्यामुळे वस्तूचा परिणाम आकड्यात देणे भागच असेल तर दुसरी पद्धत वापरावी. तहानवाटीला मी कोणताही आकडा दिलेला नाही. तिचे काम पाणी देण्याचे आहे, आणि तहानेचे नियम खेळात नीट वापरले जात असतील तर तेवढे पुरते.

जिवाच्या बाबतीत होणारी चूक वेगळी आहे. चार खेळाडूंपुढे एकच मोठा प्राणी ठेवला, तर एका फेरीत त्यांना चार चाली मिळतात आणि त्याला एक. मग सूत्रधार त्याचे प्राणगुण (किती मार सोसू शकतो, ते दाखवणारा आकडा) दुप्पट करतो, आणि लढाई कठीण होण्याऐवजी लांब व कंटाळवाणी होते. प्राणगुण वाढवण्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यातली वागणूक वापरावी. बिथरलेला कळप धावत सुटला, निसरड्या खडकावर पाणी सांडले आणि मध्ये एक वासरू अडकले, की एकाही नव्या आकड्याशिवाय चारही पात्रांना वेगवेगळे काम मिळते.

तपासणी. जिवाला न मारता प्रसंग संपण्याचे किमान दोन मार्ग नियमांत आहेत ना, ते पाहावे. नसतील तर तुम्ही फक्त लढाई लिहिली आहे.

## टप्पा ८ : टेबलावर चाचणी

तिन्ही पाने भरल्यावर आणखी काही लिहू नये. एक तासाचा एकच प्रसंग खेळून पाहावा : खुणा, मग वस्ती, मग वाटी. खेळाडूंना समजायलाच हवी अशी प्रत्येक गोष्ट तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, कारण माझ्या अनुभवात त्यातल्या दोन त्यांच्या हातून सुटतातच. प्रसंग संपल्यावर ‘आवडले का’ असे विचारू नये. सभ्य माणसे हो म्हणतात. ‘पहाटकऱ्यांबद्दल तुम्हाला काय आठवते’ असे विचारावे आणि उत्तरे शब्दशः लिहून घ्यावीत. जे कोणालाच आठवले नाही, ते पानावरून खोडावे. जे चुकीचे आठवले पण तुमच्या कल्पनेपेक्षा सरस आहे, ते ठेवून घ्यावे. टेबलावर उच्चारली न गेलेली कोणतीही गोष्ट अजून तुमच्या जगात घडलेली नाही आणि ती बदलायला मोकळीक असते.

माझ्या चाचणीत घोड्याचा प्रसंग अपेक्षेप्रमाणे घडला. वाटी मात्र फसली. खेळाडूंनी कोसभराची मर्यादा ऐकली, नकाशा पाहिला आणि वाटी दोन कोस दूर नेऊन ठेवली. कळप ओला, कुटुंबही तृप्त, पेच संपला. नियम दुरुस्त करावा लागला : वाटी अंतर पाहत नाही, जो कळप सर्वांत जवळ असेल त्याचे पाणी ओढते, मग तो कितीही लांब असो. पुढच्या वेळी खेळाडूंनी वाटी उचलून पठाराच्या पूर्व टोकाला नेली, आणि तिथून सर्वांत जवळ कोणता कळप आहे, हे पाहायला एकाने वाटेतच नकाशा उघडला.